इंजिनघरांतील गाणें

बैठकींत गवयाच्या मागें बसून तंबोरा छेडणाऱ्या माणसाचें नांव आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक असतें? गवई कसा रंगला, तबलजीनें त्यास कशी साथ दिली, पेटीवाल्यानें कोठें आगाऊपणा केला, यांवर घरीं परततांना वाटभर चर्चा होते. परंतु ज्यानें तीन तास षड्ज हलूं दिला नाहीं त्याच्याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. एखादी तार उतरली तरच श्रोत्यांच्या माना तिकडे वळतात. पाश्चात्त्य तरुणांच्या ज्या वाद्यमेळास रॉक बॅंड म्हणतात, त्यांतील बेस गिटार वाजविणाऱ्याची स्थिति पुष्कळशी अशीच आहे. साध्या गिटारीस सहा तारा असतात. बेसला बहुधा चारच, पण जाड, आणि त्यांचे स्वर एक सप्तक खालचे. गाणारा पुढें उभा राहतो, गिटारवाला त्याच्या शेजारीं मिरवतो, ड्रमवाला मागें उंच बसतो. बेसवाला कोठें तरी कडेला असतो. त्याचा सूर कानांपेक्षां छातीवर अधिक जाणवतो, आणि तो थांबला म्हणजे मात्र सारी इमारत पोकळ झाल्याचें ध्यानांत येतें.

अशा एका बेसवाल्यानें चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या नांवानें एक तबकडी काढली, आणि तिच्यांत स्वतःविषयीं बोलण्याची संधि असतां तो दुसऱ्या दोघांविषयींच बोलला. ती तबकडी, आणि जाणकारांनीं तिचें केलेलें स्वागत, यांविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

‘पंक’ हा शब्द वाचतांच कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आंठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें व पाठोपाठ १९७६-७७ सालीं लंडनमध्यें हें संगीत पुढें आलें. फाटके कपडे, त्यांत अडकविलेल्या पिना, रंगविलेले केस, शिवराळ गाणीं आणि कान किटून जातील असा गोंगाट, एवढेंच त्याचें चित्र वृत्तपत्रांनीं जगापुढें ठेवलें. चित्र खोटें नव्हतें, अपुरें होतें. त्याअगोदरच्या आठदहा वर्षांत रॉक संगीत फार श्रीमंत झालें होतें. वीस-वीस मिनिटांचीं गाणीं, क्रीडांगणांत भरणारे जलसे, वाद्यांनीं भरलेले ट्रकच्या ट्रक! सामान्य घरांतील मुलानें तिकीट काढून तें दुरून पाहावें आणि मुकाट्यानें घरीं जावें. पंकवाल्यांनीं त्यास सांगितलें कीं, तीन सूर येत असतील तर उभा राहा. चौथ्याची वाट पाहूं नकोस. हें ऐकून पुष्कळ नालायक लोक उभे राहिले, हें खरें. पण ज्यांस एरव्हीं कोणी व्यासपीठावर चढूं दिलें नसतें अशीं कांहीं गुणी मुलेंही त्याच दारानें आंत आलीं. हें संगीत आम्ही सर्वस्वीं आवडीनें ऐकतों असें म्हटल्यास तो खोटेपणा होईल. माइक वॉट यांची १९९७ सालची तबकडी मात्र आम्हीं आवडीनें ऐकली, आणि एकदांच नव्हे.

वॉट यांचा जन्म २० डिसेंबर १९५७ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत पोर्ट्समथ येथें झाला. वडील अमेरिकन आरमारांत, जहाजाच्या यंत्रांवर काम करणारे. बदल्यांबरोबर बिऱ्हाड हललें, आणि मुलगा लहान असतांनाच तें कॅलिफोर्नियांतील सॅन पेद्रो या गांवीं येऊन स्थिरावलें. सॅन पेद्रो म्हणजे लॉस एंजलिस शहराचें बंदर. तेथील रहिवासी आपल्या गांवाचा उच्चार ‘पीद्रो’ असा करतात. चित्रपटवाल्यांचें हॉलीवुड तेथून फार दूर नाहीं, पण दोहोंचें गोत्र अगदीं निराळें. येथें गोद्या, याऱ्या, मच्छीमारांच्या बोटी, आणि माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या मजुरांचीं घरें.

या गांवच्या पेक पार्क नांवाच्या बागेंत तेरा वर्षांचा माइक फिरत असतां झाडावरून एक धट्टाकट्टा मुलगा धप्पकन् त्याच्या पुढ्यांत पडला. माइकला आपला दुसराच कोणी मित्र समजून त्यानें उडी टाकली होती. चूक उमगल्यावरही तो गेला नाहीं. चालतां चालतां तो एकामागून एक इतक्या चटकदार गोष्टी बोलूं लागला कीं, एवढा बुद्धिमान मुलगा आपण पाहिलाच नाहीं असें माइकला वाटलें. पुढें केव्हां तरी त्याच्या घरीं तबकड्या ऐकतांना उलगडा झाला : तीं वाक्यें जॉर्ज कार्लिन या विनोदी नटाचीं, तोंडपाठ केलेलीं होतीं! पण तोंवर मैत्री पक्की झाली होती. या मुलाचें नांव डेनिस बून. जग त्यास पुढें डी. बून म्हणून ओळखूं लागलें.

शाळा सुटल्यावर मुलांनीं रस्त्यावर भटकूं नये, वस्तींतील मारामाऱ्यांत सांपडूं नये, म्हणून बूनच्या आईनें एक युक्ति काढली. त्यांनीं घरांत बसून वाद्यें वाजवावीं. आपला मुलगा गिटार वाजवील आणि हा माइक बेस वाजवील, असें तिनेंच ठरवून टाकलें. माइकला बेस म्हणजे काय हेंच ठाऊक नव्हतें. तबकड्यांच्या वेष्टनांवरील चित्रांत त्या वाद्यास चारच तारा दिसत. म्हणून त्यानें साध्या गिटारीवर चारच तारा ठेवल्या आणि तो तीच वाजवीत बसला. बेसच्या तारा जाड असतात हें त्यास मागाहून, खरें वाद्य दृष्टीस पडल्यावर कळलें. ही माउली १९७८ सालीं वारली. आपण बसविलेली ही बैठक पुढें कोठवर गेली तें पाहावयास ती राहिली नाहीं. पण सायंकाळच्या काळजीपोटीं तिनें परक्या मुलाच्या हातीं दिलेलें वाद्य त्यानें पन्नास वर्षें लोटलीं तरी खालीं ठेवलेलें नाहीं.

१९८० सालीं या दोघांनीं ‘मिनिटमेन’ हा बॅंड काढला, आणि लौकरच जॉर्ज हर्ली हे ड्रमवादक त्यांस येऊन मिळाले. त्याच वर्षीं निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर सात गाणीं होतीं, आणि सातांचा मिळून वेळ सात मिनिटांहून कमी! ध्रुवपद आळवीत बसावयाचें नाहीं. सांगावयाचें तें सांगून झालें कीं गाणें संपलें. सामान स्वतः गाडींत चढवावयाचें, गांवोगांव जावयाचें, रात्रीं कोणा चाहत्याच्या घरीं जमिनीवर पथारी टाकावयाची, असा त्यांचा क्रम असे. १९८४ सालीं ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ ही त्यांची जोडतबकडी निघाली. तींत चाळिसांहून अधिक गाणीं आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च आला सुमारें अकराशें डॉलर. जुन्या वळणाच्या गृहिणीनेंही मान डोलवावी असा हा हिशेब आहे.

या बॅंडची एक गोष्ट मात्र आम्हांस विशेष सांगावीशी वाटते, कारण तिच्यावांचून पुढील कथा कळणार नाहीं. रॉक बॅंडमध्यें गिटारवाला सामान्यतः आपला आवाज भरदार करून सारी जागा व्यापून टाकतो, आणि बेस त्याखालीं बुडतो. बून यांनीं आपल्या गिटारीचा आवाज मुद्दाम बारीक व किणकिणता ठेविला. ते वरच्या पट्टींत राहिले आणि खालची सारी जमीन त्यांनीं मित्रास मोकळी करून दिली. हा केवळ ध्वनीचा प्रश्न नव्हता. मनुष्यें समान आहेत हें त्यांचें राजकीय मत होतें, आणि जें मत व्यासपीठावरून गावयाचें तें वाद्यांच्या वांटणींतही दिसलें पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. भावाभावांच्या वांटण्या इतक्या समजुतीनें झाल्या असत्या तर आमच्याकडील कित्येक वकिलांवर उपास काढण्याची पाळी आली असती.

२२ डिसेंबर १९८५ रोजीं ॲरिझोनाच्या वाळवंटांतून जाणाऱ्या हमरस्त्यावर बून ज्या गाडींतून चालले होते तिला अपघात झाला. अंगांत ताप असल्यामुळें ते मागील भागांत निजले होते. ते गेले. वय सत्तावीस. दोनच दिवसांपूर्वीं वॉट यांस अठ्ठावीस वर्षें पूर्ण झालीं होतीं.

बॅंड तेथेंच संपला. वॉट यांनीं वाद्य बाजूस ठेविलें, आणि तें कदाचित् पुन्हां हातीं धरलेंही नसतें. पण एड क्रॉफर्ड नांवाचा एक तरुण चाहता दूर ओहायोहून आपण होऊन सॅन पेद्रोस आला आणि दारांत बसून राहावें तसा पाठीस लागला. त्याच्या चिकाटीमुळें वॉट आणि हर्ली पुन्हां वाजवूं लागले. ‘फायरहोज’ हा या तिघांचा बॅंड १९८६ पासून १९९४ पर्यंत चालला. तो थांबला तेव्हां ज्याच्या मागें उभें राहावें असें वॉट यांच्यापुढें कोणी उरलें नव्हतें.

बेसवाल्यानें एकट्यानें पुढें येणें हें धोक्याचें असतें. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ या आद्य पंक बॅंडचे बेसवादक डी डी रामोन यांनीं १९८९ सालीं ‘डी डी किंग’ असें नांव घेऊन रॅपची, म्हणजे ठेक्यावर बोलून म्हणावयाच्या गाण्यांची, एक तबकडी काढली होती. ज्यानें त्या बॅंडचीं कित्येक उत्तम गाणीं रचिलीं त्याच माणसाचें हें काम. पण समीक्षकांनीं तिची जी रेवडी उडविली तिला तोड नाहीं. वॉट यांनीं अशा धाडसाऐवजीं प्रथम एक निराळीच तोड काढली. १९९५ सालीं कोलंबिया कंपनीनें त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी प्रसिद्ध केली. तिचें नांवच एक प्रश्न आहे : ‘बॉल-हॉग ऑर टगबोट?’ बेसवाला हा चेंडू दुसऱ्यास न देणारा खेळाडू, कीं मोठालीं जहाजें धक्क्यापर्यंत ओढून नेणारी लहानशी बोट? बेसवाल्यास गाणें पक्कें ठाऊक असेल तर कोणीही येऊन गावें, कोणीही वाजवावें, गाणें पडणार नाहीं, असा त्यांचा सिद्धांत होता. तबकडीस त्यांनीं कुस्तीच्या आखाड्याची उपमा दिली, आणि सुमारें पन्नास कलावंत त्या आखाड्यांत उतरले. पर्ल जॅमचे एडी व्हेडर, निर्व्हानाचे डेव्ह ग्रोल व क्रिस्ट नोव्होसेलिक, सॉनिक यूथचे थर्स्टन मूर, रेड हॉट चिली पेपर्सचे फ्ली; त्या काळीं ज्यांच्या नुसत्या नांवावर तिकिटें खपत अशी ही मंडळी. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं पोरवयांत मिनिटमेनच्या तबकड्या ऐकल्या होत्या.

स्वागत चांगलें झालें. पण तें पुष्कळसें पाहुण्यांचें झालें. लग्नघरीं वरवधूंपेक्षां आलेल्या सरदार-दरकदारांचींच वर्णनें व्हावीं, तसा प्रकार. रेडिओवर वाजलें तें व्हेडर यांनीं गाइलेलें गाणें. दौऱ्यांत व्हेडर व ग्रोल हे वॉट यांच्या मागें उभे राहून साथ करीत, आणि त्यांस पाहण्यासाठीं लोटलेल्या गर्दींत पुढें उभ्या असलेल्या माणसासाठीं आलेले किती, हें सांगणें कठीण. एक परखड परीक्षण मात्र तबकडीच्या पोटांतच आहे. ‘बिकिनी किल’ या बॅंडच्या गायिका, स्त्रियांच्या हक्कांच्या कट्टर पुरस्कर्त्या कॅथलीन हॅना, यांनीं गाण्याऐवजीं टेलिफोनवरील निरोपाच्या रूपानें रॉकमधील पुरुषांच्या या मांदियाळीची खरपूस हजेरी घेतली आहे. वॉट यांनीं ती गाळली नाहीं. घरच्या कार्यांत यजमानानें आपल्यावरील टीका स्वतःच मंडपांत वाचून दाखवावी, असा हा दिलदारपणा म्हटला पाहिजे. परंतु एवढें सर्व होऊनही शीर्षकांतील प्रश्नास जगानें दिलेलें उत्तर ठरलेलेंच होतें : बोट ओढणारी ती ओढणारीच.

आतां ज्या तबकडीसाठीं हा लेख, तिच्याकडे वळूं. १९९७ च्या ऑक्टोबरांत कोलंबियानेंच ‘कंटेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ ही प्रसिद्ध केली. इंजिनघराचें चिंतन, असा या नांवाचा अर्थ. या वेळीं पाहुणे नाहींत. नेल्स क्लाइन यांची गिटार, स्टीफन हॉजेस यांचे ड्रम, आणि वॉट यांचा बेस; रचना सर्व वॉट यांच्या आणि मुख्य आवाज त्यांचाच. तीन माणसें, म्हणजे मिनिटमेनमध्यें होतीं तितकींच. पंधरा गाणीं मिळून एकच कथा होते, म्हणून वॉट यांनीं तिला ‘पंक ऑपेरा’ म्हटलें; आणि दौऱ्यावर निघाले तेव्हां ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजविली.

इंजिनघर म्हणजे काय याची थोडी कल्पना देणें अवश्य आहे. वाफेच्या जहाजांत बॉयलरखालीं आग पेटते, पाण्याची वाफ होते, ती वाफ यंत्रास फिरविते, यंत्रापासून निघालेला लांब दांडा जहाजाच्या शेपटाकडील मळसूत्री पंख्यास फिरवितो, आणि जहाज पुढें जातें. हें सर्व पाण्याच्या पातळीखालीं, उष्णतेंत व कानठळ्यांत चालतें. तेथील माणसास समुद्र दिसत नाहीं. कप्तान वर असतो. दिशा तो ठरवितो, बंदरांत सलामी त्याला मिळते. खालच्यांस कोळशाच्या काजळीमुळें ‘ब्लॅक गॅंग’ असें नांव पडलें, आणि कोळसा जाऊन तेल आलें तरी तें पुसलें गेलें नाहीं. बेसवाल्यानें आपल्या जागेसाठीं याहून नेमकी उपमा शोधून काढली नसती. पण वॉट यांनीं ती शोधलीच नव्हती. ती त्यांस वडिलोपार्जित मिळाली होती.

त्यांचे वडील जन्मभर याच घरांत राबले. मुलाचें संगीत त्यांस कळत नसे. वॉट यांनीं सांगितलें आहे कीं, दौऱ्यांवरून गांवोगांवचीं टपालकार्डें ते वडिलांस धाडीत. आणि तीं वाचतां वाचतां वडिलांच्या ध्यानांत आलें कीं, हा मुलगाही एक प्रकारचा खलाशीच आहे. लहानशा जागेंत दाटीवाटीनें तीनचार माणसें, रोज नवें बंदर, घरापासून दूर, आणि यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारे आपणच! पितापुत्रांस एकमेकांची भाषा सांपडली ती अशी, टपालकार्डांवर. तबकडी निघाली तेव्हां वडील हयात नव्हते.

कथा एका दिवसाची आहे. पहांटेस सुरू होऊन दुसऱ्या पहांटेशीं येते. एका दिवसांत सारें आयुष्य मावविण्याची ही युक्ति वॉट यांनीं जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसीस’ कादंबरीपासून घेतली. आणि इंजिनघराचें जग मांडण्यास त्यांस बळ मिळालें तें रिचर्ड मकेना यांच्या ‘द सॅंड पेबल्स’ या १९६२ सालच्या कादंबरीमुळें. मकेना स्वतः वीसांहून अधिक वर्षें आरमारांत यंत्रांवर काम केलेले गृहस्थ होते. वॉट यांच्या पंधरा गाण्यांतील प्रत्येकास दोन पदर आहेत. वरचा पदर वडिलांचा : उत्तर कॅलिफोर्नियांतील रेड ब्लफ हें गांव सोडणारा कोंवळा मुलगा, आरमारांत दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं पडणारी ‘द ब्लूजॅकेट्स मॅन्युअल’ ही नियमांची पोथी, खालच्यांची कॉफी, वर डेकवर वावरणाऱ्यांविषयीं खालच्यांची चडफड, कप्तानास पाठीमागें ‘म्हातारबुवा’ म्हणावयाचें, तोंडावर कधींच नाहीं, असा संकेत. खालचा पदर मिनिटमेनचा. बॉयलरवाला म्हणजे डी. बून. आग राखणारा ‘फायरमन हर्ली’ तर नांवासकट तोच. आणि या दोघांजवळ उभा राहून सांगणारा तिसरा, तो वडीलही आहे आणि मुलगाही. दोन माणसांचा सूर एकाच गळ्यांतून निघत असल्यामुळें कोण बोलत आहे असा संभ्रम पुष्कळदां पडतो, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तो पडावा अशीच इच्छा आहे. घरींसुद्धां वय वाढूं लागलें म्हणजे माणसाच्या खांकरण्यांत त्याच्या वडिलांचा आवाज ऐकूं येऊं लागतो.

एका गाण्याच्या उत्तरार्धांत आरमारी माणसाच्या पत्नीची आठवण आहे. तें फार मोठें नाहीं; पण सहासहा महिने धनी नसलेलें घर चालविणाऱ्या स्त्रीला या पुरुषी कथेंत जागा मिळाली याचें आम्हांस समाधान वाटलें. त्यापुढें जहाज विषुववृत्त ओलांडतें, आणि आरमारी रिवाजाप्रमाणें नवख्यांचा समारंभ होतो. मग शेवटचा भाग येतो. ‘रॅप्ट अराउंड द स्क्रू’ या शीर्षकांतील ‘स्क्रू’ म्हणजे जहाजाचा तोच मळसूत्री पंखा, जो ही तिघें माणसें दिवसभर आगीशीं झुंजून फिरवीत होतीं. जो मेहनतीनें फिरवावा त्याच पंख्यांत सांपडावें; गाडीनें गांवोगांव जाऊन गाणारा गाडींतच जावा. वॉट यांनीं या ठिकाणीं हंबरडा फोडलेला नाहीं. ‘शोर ड्यूटी’, म्हणजे जमिनीवरील नेमणूक, या अखेरच्या गाण्यांत वांचलेला माणूस किनाऱ्यावर उभा आहे, आणि पुन्हां सकाळ होत आहे.

जाणकारांनीं ही तबकडी उचलून धरली. येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. सलग कथा सांगणाऱ्या रॉक ऑपेराचा प्रकार १९६९ सालीं ‘द हू’ या इंग्लिश बॅंडच्या ‘टॉमी’मुळें गाजला, आणि पुढें त्याचा इतका बडेजाव माजला कीं पंकवाल्यांस ज्याचा तिटकारा आला त्यांत हा प्रकारही होता. अशा स्थितींत पंकच्या एका जुन्या शिपायानें ऑपेरा लिहावा म्हणजे वैष्णवानें भस्म लावण्यापैकींच होतें. तरीही समीक्षकांनीं त्याची थट्टा केली नाहीं; वॉट यांच्या कामांत हीच तबकडी सर्वश्रेष्ठ, असें मत पुढें अनेकांनीं दिलें. बाजाराचा निकाल मात्र उलटा लागला. दोन वर्षांपूर्वींच्या पाहुण्यांच्या तबकडीभोंवतीं जी गर्दी होती ती येथें फिरकली नाहीं, आणि खपाच्या याद्यांत हिला मानाचें स्थान लाभलें नाहीं. सोडवून रेडिओवर वाजवावें असें एकही गाणें हिच्यांत नाहीं, हेंही एक कारण. पोथींतील एकच ओवी सोडवून बाजारांत कशी मांडावी?

आक्षेपांस जागा आहे, ती आम्ही लपवीत नाहीं. वॉट हे गायक नव्हेत. आवाज घोगरा, पल्ला थोडा, आणि कित्येक ठिकाणीं गाणें कमी व बोलणें अधिक. आरमारी व पेद्रोच्या बोलींतील शब्दांची इतकी गर्दी आहे कीं, टिपणांवांचून निम्मा अर्थ हातीं लागत नाहीं. दुपारच्या भागांतील एकदोन गाणीं लांबलीं आहेत. मिनिटाभरांत गाणें संपविण्याची ज्याची ख्याति त्यानें तरी ती चूक करावयास नको होती. आणि ज्यास मिनिटमेनची कथा अगोदर ठाऊक नाहीं त्याच्यापुढें केवळ एका जहाजाची हकीकत राहील, असेंही कोणी म्हणेल. या शेवटच्या आक्षेपावर आम्हीं बराच विचार केला. आमच्या घरांतील एका तरुण मुलास कांहींएक न सांगतां आम्हीं ही तबकडी ऐकविली. त्यास बून कोण हें माहीत नव्हतें. संपल्यावर तो म्हणाला, “यांचा कोणी तरी गेला आहे.” तेव्हां त्या आक्षेपाची आम्हांस फारशी चिंता उरली नाहीं.

याचें कारण शब्दांत नसून वाद्यांत आहे. स्वतःच्या नांवाची तबकडी, म्हणजे बेसवाल्यानें आपला आवाज सर्वांच्या वर चढवावा आणि बोटांची करामत दाखवावी, ही साहजिक अपेक्षा. वॉट तसें करीत नाहींत. बेस जागोजाग गाण्याला पुढें नेतो, पण क्लाइन यांच्या गिटारीसाठीं वरची सारी जागा मोकळी राहते. ती कधीं लाटेसारखी उसळते, कधीं गंजलेल्या लोखंडासारखी करकरते. आणि कांहीं ठिकाणीं ती इतकी बारीक किणकिणते कीं, ऐकणाऱ्यास बून यांची आठवण व्हावी. मित्रानें एके काळीं खालची जमीन दिली होती. त्यानें वरची जागा अशी राखून ठेविली आहे.

पुढील स्वतंत्र तबकडी निघण्यास सात वर्षें लागलीं. २००० सालीं शरीरांत गळू होऊन त्याचें विष पसरल्यामुळें वॉट मरणाच्या दारीं जाऊन आले. हातांत बळ उरलें नव्हतें, तेव्हां ‘स्टूजेस’ या जुन्या बॅंडचीं गाणीं वाजवून वाजवून त्यांनीं बोटें पुन्हां वळविलीं. दैव असें कीं, २००३ सालीं त्याच बॅंडनें त्यांस बेस वाजविण्यास बोलाविलें, आणि ते त्यांच्याबरोबर दहा वर्षें वाजवीत होते, अर्थात् मागें उभे राहून. आपल्या दुखण्याची कथा त्यांनीं डान्टे कवीच्या महाकाव्याचा सांचा घेऊन २००४ च्या ‘द सेकंड मॅन्स मिडल स्टॅंड’ या तबकडींत सांगितली. नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग, असे तिचे तीन भाग आहेत. तींत गिटार मुळींच नाहीं, ऑर्गन आहे. आणि दुखण्याचीं वर्णनें जेवतांना ऐकूं नयेत अशीं आहेत.

२००५ सालीं मिनिटमेनवर एक माहितीपट निघाला. त्याच्या निमित्तानें वॉट यांस आपलीं जुनीं गाणीं बऱ्याच वर्षांनीं पुन्हां ऐकावीं लागलीं. तोंवर दुःखामुळें ते तीं ऐकण्याचें टाळीत असत. त्यानंतर त्यांनीं ‘हायफनेटेड-मॅन’ ही तबकडी रचिली. ती २०१० सालीं जपानांत आणि २०११ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. जुना डच चित्रकार हिएरोनिमस बॉश याच्या चित्रांतील चमत्कारिक मनुष्याकृति पाहून सुचलेलीं तीस गाणीं तींत आहेत, आणि तीं पुन्हां मिनिटमेनच्या वळणाचीं, दीड-दोन मिनिटांचीं. हीं गाणीं वॉट यांनीं बेसवर रचिलीं नाहींत. बून यांची जुनी टेलिकास्टर गिटार मांडीवर घेऊन तीवर रचिलीं. बून गेल्यापासून त्यांनीं काढलेल्या तबकड्यांवर अर्पणपत्रिकेच्या जागीं जें नांव असतें, तेंच याही तबकडीवर आहे.